आधी आपलं तोंड

अवो, तुमच्या दवाखान्यातला नेमीचंद माझ्याकडे चार ओळी मागून गेला आहे.

तुमच्या तेराव्याचं जेवण उरकल्यावर ओसरीवर बसला होता. पाणी दिलं तर लगेच प्यायला नाही. आधी मागच्या दारी जाऊन चूळ भरून आला, मग प्यायला. म्हणाला, "काकू, मंडळाच्या यंदाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर डॉक्टरसाहेबांचा फोटो घालून राह्यलो. त्याच्याखाली तुमच्या चार ओळी पाह्यजेत. तुमच्यापेक्षा जास्त त्यांले कोण ओळखते?" मी बरं म्हटलं. मग निघताना, वहाणांत पाय घालता घालता, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "फक्त आजाराचं नका लिहू. 'अल्पशा आजाराने', एवढं पुरे हाये."

अल्पशा! अल्पसा आजार म्हणतात पडशाला. तुमच्या गालात ते दोन पावसाळे ठाण मांडून बसलं होतं. तुमचा घास खाल्ला, तुमचं बोलणं खाल्लं, तुमचं ते मिशीतलं हसू खाल्लं, आणि मगच उठलं. त्याला अल्पसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून त्याच्या चार ओळी राहिल्या बाजूला आणि हे मी तुम्हालाच लिहायला बसले. छापायचं की चुलीत घालायचं ते त्याचं तो पाहील. कागदावर 'मला' लिहिते आणि तोंडानं 'मले' म्हणते, त्याला हसू नका. चौथी पास बाई आहे मी, तुमच्यासारखी कलकत्त्याला जाऊन शिकलेली नाही.

तुम्ही कुठं शिकलात, कधी दवाखाना काढला, ते लोकांना ठाऊक आहे. मला आठवतात ते तुमचे वडील, मामाजी. शेलूबाजारच्या वावरातून आठवड्याला ज्वारीचं पोतं घेऊन यायचे, तुमच्या त्या गोल फिरणाऱ्या खुर्चीकडे पाहायचे आणि म्हणायचे, "दात कोरून कोणाचं पोट भरलं काय रे आजवर?" तुम्ही हसायचे. पहिल्या वर्षी तर खुर्चीत रोगी कमी आणि आपली मांजरच जास्त बसत होती.

मग मंडळ निघालं. अकोल्याचे, अमरावतीचे, खामगावचे आणि वाशीमचे तुम्ही, एवढे मोजके दातांचे डॉक्टर एकत्र आले आणि दंतारोग्य मंडळ स्थापन केलं. अकोल्याहून परत आलात तेव्हा तुमचे पाय जमिनीवर नव्हते. "आता बाजाराबाजारात जायचं," म्हणालात, "लोकायची तोंडं फुकट तपासायची. दात दुखल्यावर तर कोणीबी येते. दुखायच्या आधी पाह्यलं पाह्यजे." मी मनात म्हटलं, घ्या, होतं तेही गेलं.

मी त्या मंडळात कशी पडले ते मंडळाच्या पुस्तकात येणार नाही, म्हणून सांगते. मी गेले होते मालेगावच्या बाजारात लाल मिरच्या घ्यायला. लिंबाच्या झाडाखाली तुमचं टेबल लागलं होतं. गडीमाणसं रांगेनं येऊन 'आ' करत होती आणि बाया मात्र लांब, पदर दातांत धरून उभ्या. परक्या पुरुषापुढं तोंड वासायचं म्हणजे काय गंमत आहे? तुम्ही मला गर्दीत पाहिलं आणि हाक मारली.

"अवं, इकडं ये जरा."

"कायले?"

"ह्या बाया मले तोंड दाखवत नाहीत. तू पाह्य."

"मी काय डाक्टर हाओ काय?"

"आरसा धर. मी सांगतो काय पाह्याचं थे."

मिरच्यांची पिशवी टेबलाखाली ठेवली आणि झाले उभी. दोन बायांनी लुगडं धरून आडोसा केला. मी आतून पाहायची, तुम्ही बाहेरून ओरडायचे. "हिरडीतून रक्त येते काय?" मी आतून ओरडायची, "येते!" "दाढ हालते काय?" "हालते!" शेवटी आडोशातली म्हातारी माझा हात झटकून म्हणाली, "अवं माय, साऱ्या बाजाराले सांगून राह्यली काय माह्या दाढेचं!" तुम्ही आडोशापलीकडं एवढे हसलात की टेबल हललं. त्या दिवशी मिरच्या राहिल्याच. भाजीत महिनाभर घरची जुनी मिरची घातली आणि तुम्ही एका शब्दानं तक्रार केली नाही.

पुढं मला आडोशामागून ओरडायची गरज पडेनाशी झाली. काय पाहायचं ते तुम्ही शिकवलंत. हिरडी, दाढ, जिभेच्या कडा, आणि शेवटी दोन्ही गालांची आतली बाजू. "पांढरा डाग दिसला तर कापसानं पुसजो," म्हणायचे. "पुसला गेला तर काही नाही. पुसला नाही तर त्या बाईले घरी जाऊ देऊ नको, माह्याकडं आण." किती बायांचे गाल मी पुसले असतील, अवो.

अकोल्याच्या बैठकीत अमरावतीच्या डॉक्टरांनी विचारलं, "या बाई कोण?" तुम्ही म्हणालात, "मंडळाच्या सभासद." "यांचं शिक्षण?" तर तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात, "मालेगाव, शेलूबाजार, शिरपूर." मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचं म्हणणं असं की मंडळ हे डॉक्टरांचं, डॉक्टरांच्या अडचणींसाठी. तुमचं म्हणणं, मग बाजारातल्या तोंडांनी जायचं कुठं? दुपारपर्यंत भांडलात. शेवटी तेच दमले आणि तुम्हालाच अध्यक्ष करून मोकळे झाले. नाव सुचवायला नेमीचंदनं मला उभं केलं. आता मी तुमचं नाव घेऊ कशी? म्हटलं, "आमच्या घरच्यायले करा." सगळी बैठक हसली. तुम्ही मान खाली घालून टोपी सारखी करत बसलात.

आणि अध्यक्ष झाल्याबरोबर तुम्ही तो नियम काढलात. आधी आपलं तोंड, मग लोकांचं. बाजारात टेबल मांडलं की पहिल्यांदा मंडळाच्याच माणसानं खुर्चीत बसायचं, सगळ्यांपुढं 'आ' करायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं. डॉक्टरच तोंड उघडून बसला म्हटल्यावर लोकांची भीड चेपते. नियम सोन्यासारखा होता. त्याला भोक एकच होतं, आणि ते तुम्हीच पाडलंत.

तुमची पाळी आली की तुम्ही आधी झाडामागं जाऊन तुरटीच्या पाण्यानं खळाखळा चूळ भरून यायचे. मग बसायचे. तपासायला नेमीचंद. शिरपूरच्या कापडवाल्या जैनाचा मुलगा, तुमच्या हाताखाली शिकून तयार झालेला. तो गुरूच्या गालात आरसा कसा खुपसणार? वरवर पाहायचा आणि लोकांकडं तोंड करून म्हणायचा, "अव्वल!" लोक टाळ्या पिटायचे. मी बाजूला कापूस पिंजत उभी असायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कारण मला ठाऊक होतं ना, झाडामागं तुम्ही काय थुंकून येता ते.

दिवसभर सडक्या दाढांचा वास. माणसाला रात्री भाकर जात नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्या धंद्यातल्या कुणा जुन्या माणसानं तुम्हाला तोड सांगितली होती. चिमूटभर तंबाखू, त्यात एक लवंग, डाव्या गालात बार धरून ठेवायचा, मग कसलाच वास येत नाही. तुम्ही त्याला व्यसन म्हणूच देत नव्हता. "थे औषध होय," म्हणायचे. गालात औषध धरून बायांना सांगायचे की मिश्री सोडा, तंबाखूची राख दातांना लावू नका. मी तोंडावर म्हटलं होतं तुम्हाला, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुम्ही म्हणालात, "अन् तुह्या मिश्रीचं काय?"

होती माझी मिश्री. खोटं कशाला बोलू? सकाळी न्हाणीच्या दगडावर बसून बोटानं दातांवर फिरवायची, तेवढा वेळ घरातलं कोणी मला हाक मारत नसे. बाईच्या जातीला तेवढीच ती बसायची सवड. तुम्ही म्हणालात, "तू मिश्री सोड, मी बार सोडतो. बोल, हाये कबूल?" आखाजीचा सण होता. पुरणाचं जेवण झालं होतं. मी उठले, डबी आणली आणि तुमच्या देखत चुलीत रिकामी केली. केवढा धूर झाला. आठ दिवस डोकं फुटायची वेळ आली, शौचाला होईना, पोरीबाळींवर खेकसत होते. पण सोडली ती सोडली.

तुम्ही नाही सोडलात.

महिनाभर राहिलात, हे खरं. मग रिसोडकडून एक गडी आला, जबडा सुजून पू झालेला. तो गेल्यावर तुम्ही दार लावून घेतलंत आणि मला लवंगेचा वास आला. मी ताट वाढलं आणि बाजूला बसले. तुम्हीच म्हणालात, "असे रोगी यायचे थांबले की सोडतो." मी म्हटलं, "रोगी थांबतात काय कुठं?" या भांडणाला मग अंत राहिला नाही. सणावारी, लेकीच्या लग्नात, मोटारीत, बंडीत, जिथं संधी मिळाली तिथं मी ते उकरून काढलं. कजाग म्हणा, काही म्हणा. आता ते अर्धंच राहिलं, आणि अर्धं भांडण घेऊन एकटीनं बसणं फार वाईट असतं हो.

तो डाग मला सकाळच्या उन्हात दिसला. अंगणात तुम्ही चूळ भरून मान वर केली होती. डावा गाल, बार बसायचा तीच जागा, तांदळाच्या कणीएवढं पांढरं. मी आत जाऊन कापूस घेऊन आले. म्हटलं, "आ करा."

"काहून?"

"पुसून पाह्यते."

"गाल चावला गेला असल दातानं," म्हणालात आणि तोंड मिटून घेतलंत. साऱ्या वऱ्हाडाला 'आ' करायला लावणारा माणूस माझ्यापुढं लहान पोरासारखा ओठ घट्ट मिटून उभा होता. मी कापूस हातात घेऊन तशीच उभी राहिले आणि दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा आत गेले.

नेमीचंदला सांगितलं. तो म्हणाला, "काकू, त्यांले मी काय सांगू? थे सोताच पाह्यतील ना." तुम्ही काही पाहिलं नाही. पाहिलं असेल तर आम्हाला सांगितलं नाही. मी मुंबईचं नाव काढलं की तुम्ही लढाईचं नाव काढायचे, गाड्यांत शिपाईच शिपाई, जागा नाही. मग वाशीमला मंडळाची बैठक होती, ती होऊ दे. मग आणखी काही. एक दिवस मी फारच मागं लागले तेव्हा खरं बोललात. "अध्यक्षाच्याच तोंडात निघालं म्हटल्यावर कोणती बाई मिश्री सोडल? सारे हासतील. एवढ्या वर्षाचं काम पाण्यात जाईल."

"हासू द्या ना," मी म्हटलं. "हासण्यानं कोणी मरत नाही."

मुंबईला गेलो तेव्हा तांदळाची कणी सुपारीएवढी झाली होती. तिथले डॉक्टर तुमच्याशी इंग्रजीत बोलले आणि माझ्याशी बोललेच नाहीत. त्यावरून मी समजले.

शेवटी शेवटी तुमचं बोलणं गेलं. तरी ओसरीवर लोक येऊन बसतच होते. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना बरं नाही एवढंच. एके दिवशी दुपारी तुम्ही टेबलावरचा आरसा उचललात आणि माझ्या हातात दिलात. आणि आपण होऊन तोंड उघडलंत. एवढ्या वर्षांत माझ्यापुढं पहिल्यांदा. मी पाहिलं. काय पाहिलं ते लिहीत नाही. तुम्ही डोळ्यांनी विचारलंत, मी म्हटलं, "लय वाढलं हाये." मान हलवलीत. तोंड मात्र मिटलं नाही. तसंच उघडं ठेवून ओसरीकडं बोट दाखवलंत. एकदा, मग पुन्हा.

मी उठले होते. त्यांना बोलवायलाच उठले होते. पण नेमीचंद दारात होता. त्यानं दार लोटून घेतलं आणि पाठ लावून उभा राहिला. रडत होता तो. "नाही काकू. डॉक्टरसाहेबांले असं कोणी पाह्यलं नाही पाह्यजे. झाकली मूठ सव्वा लाखाची." तुम्ही त्या लावलेल्या दाराकडं पाहिलंत आणि हळूहळू तोंड मिटलंत. त्यानंतर दुधाच्या चमच्यालाही नीट उघडलं नाही.

तुम्ही त्या लोकांना आत बोलवत होता, की त्यांना घरी पाठवा म्हणत होता? मी रोज विचार करते. बोलवतच होता, असं मी ठरवलं आहे. चुकलं असेल तर वर आल्यावर भांडा, मी काही कुठं पळून जात नाही.

तुम्ही गेलात. माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. शेजारच्या बायांनी समजूत काढायला म्हणून हातावर काय ठेवलं असेल? मिश्रीची डबी. "लाव बाई थोडी, तेवढंच मन रमते." मी ती डबी तुमच्या टेबलावर नेऊन ठेवली. अजून तिथंच आहे.

शिरपूरच्या जत्रेला मंडळाचं टेबल दरवर्षी असतं. यंदा मी निघाले तर जाऊबाई दारात आडव्या झाल्या. "महिना सरला नाही, अन् जत्रेत चालली? लोकं काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकं तोंड उघडतील ना, तेच पाह्यजे मले." आणि नेमीचंदच्या बैलांच्या दमणीत जाऊन बसले.

धर्मशाळेच्या ओसरीत खुर्ची मांडली. नेमीचंदचं गाव ते, अर्धी गर्दी त्याच्या ओळखीची, बायांत त्याची आईसुद्धा. नियमाप्रमाणे पहिली पाळी त्याची होती. तो बसलाच नाही. "आपल्याले सारे ओळखतात," म्हणाला आणि पहिल्या बाईला पुढं बोलावलं. ती मालेगावकडची, नाकात मोठी नथ, पदर दातांत. तुम्ही तिची दाढ काढली होती. तुम्हाला शोधत तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"डाक्टर नाही आले?"

"गेले थे, बाई," मी म्हटलं.

"अवं माय वं! कायनं गेले?"

नेमीचंद घाईघाईनं म्हणाला, "अल्पशा आजारानं—"

"तंबाखूनं," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. "आमचे घरचे डाव्या गालात तंबाखूचा बार धरत होते. तिथंच पांढरा डाग आला, त्याचं मोठं झालं, अन् त्यानंच गेले. बोलता येत नव्हतं, पाणी गिळता येत नव्हतं. साऱ्यांची तोंडं पाह्यली त्यायनं, अन् त्यायचं कोणी पाह्यलं नाही."

मग मागून एक गडी हसला. "दाताच्या डाक्टरले?" म्हणाला. हेच ते हसू, ज्याला तुम्ही एवढे भ्यायलात. एकटाच हसला. शेजारच्यानं त्याच्याकडं पाहिलं, तसा तो थांबला, आणि गालातलं काहीतरी हातावर घेऊन भिंतीमागं टाकायला गेला. बस, एवढंच होतं ते.

त्या बाईनं दातांतला पदर सोडला. पण खुर्चीत बसली नाही. नेमीचंदकडं बोट करून मला म्हणाली, "मंग ह्यायचं पाह्यलं काय?"

मी नेमीचंदकडं पाहिलं. तो भिंतीकडं पाहत होता. आणि तेव्हा मला तेराव्याचा दिवस आठवला, पाणी पिण्याआधी मागच्या दारी जाऊन भरलेली ती चूळ. कांद्या-लसणाला न शिवणाऱ्या घरचा मुलगा. चिमटा कसा धरायचा, आरसा कसा तापवायचा, सगळं तुमचं पाहून शिकला. तेही तुमचंच पाहून शिकला होता.

"बस," मी म्हटलं.

"काकू, माही आई हाये इथं."

"म्हणूनच म्हणते. मूठ झाकली तर सव्वा लाखाची असल बापा. तोंड झाकलं तर माणूस जाते. मी एक घालवला. बस."

तो बसला. डोळे मिटले आणि सगळ्या गावापुढं, आईपुढं, तोंड उघडलं. मी त्याच्या डाव्या गालात बोट घातलं आणि बार बाहेर काढला. लवंगेचा वास आला हो. तुम्ही दवाखान्यातून आत आल्यावर यायचा तोच वास. आरसा हातात होता, पण डोळ्यांपुढं काही दिसेना. पदरानं डोळे पुसले, त्याचं तोंड उन्हाकडं वळवलं आणि पाहिलं. गाल लाल होता, कातडी जाड झाली होती. कापूस फिरवला. पांढरं काही नव्हतं. अजून नव्हतं.

"काय दिसते, काकू?" त्यानं तोंड न मिटताच विचारलं.

"लवकर सापडला तू," मी म्हटलं.

त्याच्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं, तरी त्यानं तोंड मिटलं नाही. मीही आरसा काढला नाही. तपासून केव्हाच झालं होतं, पण मी पाहतच राहिले. एवढाच वेळ तुम्ही मला पाहू दिलं असतं ना, अवो. त्या दिवशी अंगणात, कापूस घेऊन आले होते तेव्हा. एवढाच वेळ.

मागून ती नथवाली म्हणाली, "झालं काय वं बाई? आता माह्यं पाह्य."

मी आरसा गरम पाण्यातून काढला आणि तिला खुर्चीत बसवलं.